फजितीला उत्तर फजितीनं

“आई, ऐक ना, काल काय झालं माहितीये?”

रविवारी मुलीचा फोन असा सुरू होतो. ती जर्मनीत, तुम्ही साताऱ्याला नाहीतर नाशिकला. हिवाळ्यात तुमचं घड्याळ तिच्या घड्याळाच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. त्यामुळे ती नुकती आंघोळ करून बसलेली असते आणि तुमचा दुपारचा चहा गॅसवर असतो. ती सांगायला लागते. गाडी चुकली, किंवा गाडी बरोबर होती पण डबा चुकला, किंवा डबाही बरोबर होता पण गावच दुसरं निघालं. तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही विचारता, “मग रात्री जेवलीस कुठे?” दुसऱ्या वाक्यावर बाबा मागून म्हणतात, “निघताना नीट बघून बसायला काय होतं?” तिसरं वाक्य येतच नाही. “बरं, ते जाऊ दे. आजीचा गुडघा कसा आहे?” असं म्हणून ती विषय बदलते, आणि मग आजीच्या गुडघ्यावर सविस्तर चर्चा होते.

ती न आलेली तिसरी, चौथी, दहावी वाक्यं मला ऐकायला मिळतात, म्हणून हे लिहायला बसले. मी बरीच वर्षं म्युनिकला राहते. गणपतीला, दिवाळीला आणि एरवीही घरच्या वरणभाताची आठवण आली की शिकायला आलेली मुलं आमच्याकडे येतात. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशातून आलेल्यांमध्ये सर्वांत मोठा गट आपलाच. त्यातली मूठभर माझ्या स्वयंपाकघरात टेकतात आणि मला काकू म्हणतात. पहिला भात संपेपर्यंत गप्प असतात. दुसऱ्या भाताला फजितीच्या गोष्टी सुरू होतात आणि ताकापर्यंत त्यांची चढाओढ लागते. निघताना कुणीतरी म्हणतंच, “काकू, आई कधी बोललीच तुमच्याशी, तर हे सांगू नका हं.”

मुलं तुमच्यापासून लपवतात असं सांगून तुम्हाला दुखवायचं नाही. ती लपवत नाहीत, गाळून सांगतात. काय गाळायचं हे मात्र त्यांनी तुमच्याच उत्तरांवरून ठरवलेलं असतं.

लातूरकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. तो बर्लिनहून मित्राबरोबर एसेनला निघाला होता. गाडी बरोबर, डबा बरोबर, आरक्षण केलेली जागाही बरोबर. हॅनोव्हरला गाडी काही मिनिटं थांबली, तेव्हा हा फलाटावर उतरून कॉफी घेऊन आला. शिट्टी झाली, म्हणून समोर दिसलं त्या दारातून आत शिरला. आता बर्लिनहून पश्चिमेकडे येणाऱ्या या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या म्हणजे मुळात दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. हाम नावाचं एक स्टेशन आहे, तिथे त्या सुटतात. एक भाग डॉर्टमुंड, एसेन करत ड्युसेलडॉर्फकडे जातो, दुसरा हागेन, वुपर्टालवरून कोलोनकडे. गर्दीच्या मार्गावर एका गाडीच्या वेळेत दोन गाड्या बसवायची ही युक्ती, आणि तशी झकास युक्ती. फक्त दोन्ही भागांमधून आतल्या आत ये-जा करता येत नाही. कॉफी घेऊन चढलेला आमचा गडी दुसऱ्या भागात होता. बॅग, जाकीट, मित्र आणि आईनं पाठवलेला चिवड्याचा डबा पहिल्या भागात.

हामपर्यंत तो दारापाशी उभा राहून आरामात कॉफी पीत होता. हामला घोषणा झाली, जर्मनमध्ये, आणि नंतर इंग्रजीत. इंग्रजी घोषणा संपेपर्यंत त्याला खिडकीतून आपलीच बॅग दुसऱ्या दिशेला जाताना दिसली. म्हणजे, तो तसं सांगतो. खरं तर अशी बॅग दिसणं शक्य नाही, पण प्रत्येक वेळी सांगताना तो ती पाहतो, आणि आम्हीही पाहतो. मित्राचा फोन आला, “तू कुठे आहेस?” हा म्हणाला, “मी त्याच गाडीत आहे, फक्त गाडी त्याच गाडीत नाहीये.” संध्याकाळी बॅग सुखरूप मिळाली, जाकीट मिळालं. डबाही मिळाला, रिकामा. मित्राचं म्हणणं, काळजीनं भूक लागते.

ही गोष्ट त्यानं माझ्याकडे अंगविक्षेपांसह, मित्राचा आवाज काढून सांगितली. घरी काय सांगितलं? “प्रवास छान झाला, चिवडा संपला.” दोन्ही अक्षरशः खरं! मी विचारलं, “अरे, ही गोष्ट ऐकून तुझे बाबा हसतील की.” तो म्हणाला, “काकू, मागे एकदा स्टेशनवर छत्री विसरलो, ती सांगितली. छत्रीवरून बाबा माझ्या बारावीच्या मार्कांपर्यंत पोचले.”

हे वाचून तुम्ही हसलात का? हसला असाल तर बघा, मुलगा दुसऱ्याचा असला की आपल्याला सहज हसू येतं. आपल्या कित्येक घरांत पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ आहे. विलायतेला आणि युरोपात गेलेल्या माणसाची जागोजागी उडालेली तारांबळ आपण पिढ्यान्‌पिढ्या चवीनं वाचली. त्यात कुणी पु. लं.ना म्हणालं नाही, की निघताना नीट चौकशी करायला काय झालं होतं? मग आपलंच पोर तेच सांगतं तेव्हा मधेच पोटात गोळा का येतो? येणारच, तुमचं पोर आहे ते. पण पोटातला गोळा आणि तोंडातलं वाक्य यांच्यात थोडं अंतर ठेवता येतं.

आणखी एक. जर्मनी म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारा देश, तिथे गाडी चुकली तर चूक पोराचीच, असा आपल्याकडे पक्का समज आहे. इथल्या राष्ट्रीय रेल्वेची स्वतःची आकडेवारी काही वेगळंच सांगते. २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या ६२.५ टक्के, आणि ‘वेळेवर’ याचा अर्थ सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. यावर सगळ्यांत जास्त विनोद जर्मन लोकच करतात. गंभीर चेहऱ्यानं करतात, त्यामुळे आपल्या मुलांना आधी कळत नाही. युरोपातल्या नियमाप्रमाणे एक तास उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा परत मागता येतो आणि दोन तास झाला तर अर्धा. त्यामुळे गाडी ५५-५६ मिनिटांवर आली की मुलं हात जोडून ‘अजून जरासा, अजून जरासा’ म्हणत बसतात. जगात कुठेच प्रवाशांनी उशिरासाठी असा नवस बोलला नसेल.

बाकी मग नेहमीचे घोळ आहेत. फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवर आणि एक पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवर. दोन्हींमध्ये रेल्वेनं पाचशे किलोमीटरांहून जास्त अंतर. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून कुणी नाचतं, आणि मग कळतं की हान नावाचा तो विमानतळ फ्रँकफर्टचं नाव लावत असला तरी शहरापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर लांब, डोंगरात आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनाचे एकदम तीन वाजतात. फोन आपोआप बदलतो, पण सांगलीच्या एका मुलीनं त्या दिवशी मैत्रिणींबरोबर डोंगरावर जायला निघताना फोन चार्जिंगला ठेवून आजोबांचं किल्लीचं घड्याळ मनगटावर बांधलं. मैत्रिणी डोंगराच्या पायथ्याशी पोचल्या तेव्हा ही फलाटावर ‘अजून पंधरा मिनिटं आहेत’ म्हणून सफरचंद खात होती. आजोबांना तिनं सांगितलं, “तुमचं घड्याळ एकदम बरोबर होतं, जर्मनीच पुढे गेली.”

टायची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगायला हवी. सोलापूरचा मुलगा, कोलोनमध्ये इंटर्नशिपची मुलाखत. गुरुवार होता. कॅलेंडरमध्ये त्या दिवशी काहीच विशेष लिहिलेलं नव्हतं, निदान त्याच्या कॅलेंडरमध्ये. पण कोलोनमध्ये तो कार्निव्हलमधला बायकांचा दिवस असतो. सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी रस्त्यावरचा जल्लोष सुरू होतो आणि बायका कात्र्या घेऊन फिरतात. टाय घातलेला पुरुष दिसला की तो टाय अर्ध्यात कापायचा, अशी रीत. तिथले पुरुष त्या दिवशी एक तर टाय घालत नाहीत, नाहीतर कपाटातला सगळ्यांत जुना, कापला तरी चालेल असा घालतात. आमचा मुलगा थोरल्या बहिणीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेला निळा रेशमी टाय घालून, हातात फाईल घेऊन, स्टेशनातून बाहेर पडला. मधमाशीचा पोशाख केलेल्या एक साठीच्या बाई हसत पुढे आल्या. त्याला वाटलं, पत्ता विचारतायत. कच्! आणि वर गालाला एक पापा. ती पण रीतच.

तो अर्ध्या टायनं मुलाखतीला गेला. ज्या बाईंनी मुलाखत घ्यायची, त्यांच्या टेबलावर कात्री होती आणि शेजारी पाच-सहा कापलेले टाय. त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “अरे, तुमचा कुणीतरी आधीच कापला वाटतं.” मुलाखत अर्धी तिथेच झाली.

त्यानं हे सगळं घरी सांगितलं, अगदी त्याच दिवशी. आईचा पहिला प्रश्न: “पापा? कोण होती ती?” दुसरा: “टाय केवढ्याचा होता?” तिसऱ्या दिवशी आईनं ती गोष्ट घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. त्यावर एका काकांनी परदेशातल्या संस्कृतीबद्दल दीर्घ मजकूर पाठवला, आत्यानं विचारलं की नोकरी मिळाली की नाही, आणि मामांनी मुलाखतीला काय घालावं याचा व्हिडिओ. मुलानं ग्रुप म्यूट केला आणि त्यानंतर घरी गोष्टी सांगायचंही हळूहळू कमी केलं. तुम्हाला एक विनंती करते: मुलानं तुम्हाला सांगितलेली फजिती ही त्याची मालमत्ता आहे. ती चारचौघांत कधी, कशी उघडायची हे त्याला ठरवू द्या. त्यानं ती तुमच्यापुढे मांडली ती तुम्ही त्याचे म्हणून, बातमीदार म्हणून नव्हे.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येते. आपल्याला वाटतं मुलं फजिती सांगतात ती आपण काही उपाय सुचवावा म्हणून. उपाय त्यांनी केलेला असतो. गाडी चुकली त्याला दोन दिवस झालेले असतात, पुढची गाडी मिळालेली असते, आणि घाबरगुंडी उडालेली ती पहिली वीस मिनिटं त्यांनी एकट्यानं काढलेली असतात. फोनवर येते ती गोष्ट. तिला उत्तर द्यायचं तर सल्ला देऊन उपयोग नाही. तिला उत्तर गोष्टीनंच द्यावं लागतं. हे मला एका वडिलांनी शिकवलं, त्यांना मी कधी भेटलेही नाही.

त्यांचा मुलगा जालन्याकडचा. म्युनिकपासून लांब, एका खेड्यात खोली स्वस्त मिळाली म्हणून राहायचा. त्या मार्गावरची काही छोटी स्टेशनं ‘मागणीनुसार थांबा’ या प्रकारची आहेत. आत बसलेल्यानं बटण दाबलं किंवा फलाटावर कुणी उभं असलं तरच गाडी थांबते, नाहीतर थेट पुढे. नवा होता, बटण दाबलं नाही. आपलं गाव खिडकीतून गेलं आणि तो बघत राहिला. पुढच्या गावी उतरला आणि बर्फातून शेताच्या कडेनं चालत परत आला. हे तो आमच्याकडे सांगायचा आणि सगळे हसायचे. त्यानंतर त्याच्या अशा गोष्टी वाढत गेल्या. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: “आम्ही काय, खेडवळ. आम्हाला बटणं कुठली कळायला?” सगळे हसायचे, तोही. मी हसत होते. एके दिवशी लक्षात आलं की त्याच्या गोष्टीत गाडी, बर्फ, बटण यांतलं काहीच आता विनोदी राहिलेलं नव्हतं. विनोदी एकटा तोच उरला होता. आणि तो बाहेर जायचाही कमी झाला होता.

रॉड मार्टिन नावाचे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ. २००३मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या विनोदाचे चार प्रकार मांडले. चारचौघांत मिसळण्यासाठी केलेला विनोद, स्वतःला सावरण्यासाठी केलेला, दुसऱ्याला टोचणारा, आणि चौथा स्वतःला पायदळी तुडवून इतरांना हसवणारा. दुसरा आणि चौथा बाहेरून फार सारखे दिसतात, कारण दोन्हींत माणूस स्वतःवरच हसत असतो. पण एकात तो संकटापेक्षा थोडा मोठा होतो, दुसऱ्यात दर वेळी थोडा लहान. तुमच्याकडे येणाऱ्या फोनवर हे ओळखायला मानसशास्त्र शिकायला नको. गोष्ट संपली की बघायचं, मूल केवढं उरलं.

जालन्याच्या त्या मुलानं घरीही एकदा ती बटणाची गोष्ट सांगितली, त्याच शेपटासकट: आम्ही काय, खेडवळ. वडील तालुक्याच्या ठिकाणी सरकारी नोकरीत होते, मितभाषी. मुलाला वाटलं, आता विचारतील, बटण का नाही दाबलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, “मी पहिल्यांदा मुंबईला मुलाखतीला गेलो तेव्हाचं तुला कधी सांगितलं नाही ना?”

सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बोरिवलीला एका ओळखीच्यांकडे उतरायचं होतं, आणि ते दादरला विरार फास्टमध्ये चढले. ज्यांना मुंबई माहीत आहे त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. संध्याकाळच्या विरार गाडीत बोरिवलीला उतरणाऱ्या माणसाला जे ऐकावं लागतं, ते सगळं त्यांनी ऐकलं. “बोरिवलीला जायचंय तर बोरिवली पकडायची ना! विरारला कशाला चढलास?” दारापर्यंत कुणी पोचू दिलं नाही. बोरिवली आलं, गेलं. दहिसर, मीरा रोड, भाईंदर, सगळी स्टेशनं त्यांनी दुसऱ्याच्या काखेतून पाहिली. विरारला गाडी रिकामी झाली तेव्हा हे बाहेर पडले, ते पडले म्हणण्यापेक्षा ओतले गेले. परत कुठली गाडी, कुठला फलाट, विचारायचा धीर झाला नाही. प्रमाणपत्रांची फाईल उशाला घेऊन बाकावर झोपले. सकाळी उठले तर एक चप्पल नव्हती.

“एकच?” मुलानं विचारलं.

“एकच. डाव्या पायाची. चोराचीही अडचण समजू शकतो मी.”

स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं स्वतःच्या स्लिपर दिल्या, त्या घालून मुलाखत दिली, नोकरी काही मिळाली नाही. पुढे बरेच दिवस जालन्यात चप्पल काढून कुठे बसायची वेळ आली की ते चपलेवर पाय ठेवून बसायचे. गोष्ट एवढीच. त्यांनी तात्पर्य सांगितलं नाही, ‘म्हणून बेटा’ असं म्हटलं नाही. सल्लाही दिला नाही. मुलगा मला सांगत होता, “काकू, बाबा आणि एकाच पायात चप्पल! मला तर बाबा जन्मापासूनच बूट घातलेले माहीत आहेत.” त्यानंतर खेडवळचं ते शेपूट त्याच्या गोष्टींतून गेलं. एकदम नाही, पण गेलं. आणि आता तो घरी बापाला सगळ्या फजित्या सांगतो, कारण त्या बदल्यात बापाकडून एक जुनी फजिती मिळते. इतक्या वर्षांचा साठा आहे म्हणतो, अजून औरंगाबादच्या लग्नातली बाकी आहे.

तुमच्याकडेही असेल असा साठा. पंढरपूरऐवजी भलत्याच एसटीत बसलेले, सहलीला गेलेल्या मुलींना मोजताना एक जास्तच भरलेली, नव्या जावयाला घ्यायला स्टेशनवर जाऊन दुसऱ्याच जावयाच्या गळ्यात पडलेले. मुलांना तुम्ही कष्टांच्या गोष्टी सांगितल्यात. चार मैल चालत शाळेत जायचो, कंदिलाखाली अभ्यास करायचो. त्या ऐकून मुलं तुमचा आदर करतात, आणि स्वतःची गोष्ट सांगायची मात्र टाळतात.

हसून सांगितलं म्हणजे सगळं ठीकच आहे असंही धरू नका. काही गोष्टींना मी स्वयंपाकघरात हसत नाही. तिकीट काढलं पण मशीनमध्ये छाप मारला नाही आणि ६० युरोंचा दंड भरला, ही गोष्ट एकदा ऐकायला मजेची. पण ‘पकडतात कधीतरी, चलता है’ असं म्हणत विनातिकीट फिरणं इथे कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो पुढे व्हिसाच्या कागदांत आडवा येऊ शकतो. म्युनिकहून रेल्वेच्या मासिक पासावर साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, म्हणून मुलं उठून ऑस्ट्रियाला जाऊन येतात. पासपोर्ट खोलीवर. १६ सप्टेंबर २०२४पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. परत येताना पोलिस डब्यात चढले की मग जे होतं ते मुलं हसत सांगतात, पण ते हसू उसनं असतं. पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ हवीत. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. बर्लिनला दूतावास आहे, आणि म्युनिक, फ्रँकफर्ट, हँबुर्गला वाणिज्य दूतावास. घाईनं भारतात परतायचं असेल तर ते आणीबाणीचं प्रमाणपत्र देतात, पण ते फक्त परतण्यापुरतं. कुठल्याही संकटात ११२ हा नंबर साऱ्या युरोपीय संघात फुकट लागतो. हे सगळं मुलं निघायच्या आधी एका कागदावर लिहून द्या आणि विषय संपवा. दर फोनला नको.

आणि रात्रीच्या गाडीत कुणी दारुडा येऊन काहीबाही बोलला, रंगावरून काही म्हणाला, हेही मुली हसत सांगतात. जरा जास्तच भरभर सांगतात. तेव्हा मधे बोलू नका, हसू पण नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कारणानं फोन करा आणि विचारा, “कालचं ते नंतर काय झालं?” तुम्ही ऐकलं होतं, एवढं तिला कळायला हवं.

एक गोष्ट मात्र सगळ्या पालकांच्या बाबतीत हमखास घडते, आणि तीच मला सगळ्यांत आवडते. तुम्ही स्वतः मे महिन्यात इथे येता. इतकी वर्षं मुलाला ‘नीट बघून चालत जा’ सांगितलेलं असतं आणि विमानतळावरच तुमची पाळी येते. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि घरचं तूप गेलं. बहुतेक ताज्या फळांना रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, म्हणजे हापूसही गेला. पण अननस, केळं, नारळ, खजूर आणि डुरियन या पाचांना दाखला लागत नाही. रत्नागिरीच्या एका काकूंची आंब्यांची पेटी अशी जप्त झाली आणि ओटीतला नारळ मात्र अधिकाऱ्यानं सन्मानानं परत दिला. “नारळ देऊन बोळवण केली,” असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि लेक विमानतळावर रडता रडता हसायला लागली.

त्यांच्या यजमानांची पाळी मात्र पुढे आठवडाभर चालली. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की वापर झाल्यावर चुरडून टाका. काका शिस्तीचे, रोज फिरून आले की बाटली पायाखाली घेऊन चांगली सपाट करायचे आणि कोपऱ्यात रचून ठेवायचे. इथे अशा प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की पैसे परत मिळतात. पण मशीनला बाटलीचा आकार आणि बारकोडची पट्टी दिसायला हवी, सपाट बाटली ते थुंकून टाकतं. मशीनसमोर लेकीनं हे सांगितल्यावर काका गप्प झाले. मग एक बाटली उचलली, तोंडाला लावली आणि फुगवायला लागले. त्यांच्या मागे रांग. मागची म्हातारी जर्मन बाई जराही न हसता म्हणाली, “अजून थोडी, खालचा भाग राहिलाय.”

परवा लेक माझ्याकडे जेवायला आली होती, ते दोघंही बरोबर होते. स्वयंपाकघरात ती मैत्रिणींना हीच गोष्ट सांगत होती, गाल फुगवून, अगदी काकांसारखी. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचं नाटक करत होते. ती म्हणाली, “आणि बाबांनी अशा सात बाटल्या फुगवल्या.”

“नऊ,” बाहेरून आवाज आला. “नऊ बाटल्या. सव्वादोन युरो मिळाले. सात असतील तर हिशेब लागत नाही. आणि त्या बाईचं सांग ना, ते राहिलं.”